नावानं हाक

विजयमालाबाईंचा राग आधी पायात यायचा आणि मग तोंडात. दूध उतू गेलं, आपटला पाय. सुनेला उठायला जरा उशीर झाला, आपटला पाय. टीव्हीवरच्या मालिकेतली सासू बावळटासारखी वागली, तरी ह्यांचाच पाय आपटायचा. माडीच्या जुन्या सागवानी फळ्या त्या पायाखाली अशा दणकायच्या, की खाली मांडणीवरची भांडी किणकिणायची आणि सून संयोगिता भाकरी थापता थापता म्हणायची, "झालं सुरू." हळूच म्हणायची. मोठ्यानं म्हणायची त्या घरात कुणाची टाप नव्हती.

घर कोरेगावच्या अलीकडं, उसाच्या पट्ट्यात. मागं जुनं माडीचं घर आणि पुढं त्याला जोडून मुलानं, दिग्विजयनं, मिलिटरीच्या पगारातनं बांधलेला स्लॅबचा हॉल. हॉलला गुळगुळीत पांढरी फरशी. विजयमालाबाईंना हॉल आवडायचा नाही. पाय घसरतो म्हणायच्या. खरी गोष्ट अशी होती, की फरशीवर कितीही पाय आपटा, धड आवाज होत नाही आणि तळव्याला झिणझिण्या येतात त्या वेगळ्याच. रागावल्याचं समाधानच मिळत नाही. म्हणून त्यांचा सगळा मुक्काम माडीवर, आणि त्यांच्याबरोबर नातवाचाही.

आता ह्या नातवाच्या नावाचं सांगायला पाहिजे. विजयमालाबाईंचे मालक उदयसिंह, सुभेदार म्हणून रिटायर झालेले, उंचेपुरे, मोजकं बोलणारे. नातू सुनेच्या पोटात असतानाच ते गेले. मुलगा झाला तसं सगळी भावकी म्हणाली, सुभेदार परत आले. नाव ठेवलं उदयसिंह. बारशाला संयोगिताच्या नणंदेनं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या. झालं. ते नाव त्या दिवशी घेतलं गेलं तेवढंच. कारण घरात राहिल्या दोन बायका. एक त्या नावाच्या माणसाची बायको आणि दुसरी त्याची सून. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, सासऱ्याचं तर त्याहून नसतं. विजयमालाबाईंनी उभ्या संसारात नवऱ्याचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात, लग्नाकार्यात, पदर तोंडाशी धरून. मालक गेले आणि उखाणाही संपला.

मग पोराला हाक मारायची कशी? विजयमालाबाई म्हणायच्या, "आवं."

"आवं, जेवाय चला." "आवं सुभेदार, आंघूळ करून घ्या." दोन वर्षांचं उघडंनागडं पोर, नाकाला शेंबूड, आणि त्याला आवं-जावं. येणारेजाणारे हसायचे. विजयमालाबाई हसायच्या नाहीत. संयोगिता एकदा, एकदाच, लाडात येऊन "उदय" म्हणाली होती. त्या दिवशी माडीच्या फळ्या दिवेलागणीपर्यंत थंड झाल्या नाहीत. "सासऱ्याला अरंतुरं करतीस व्हय गं? ह्ये घर हाय का चावडी?" मग संयोगिताही "बाळा", "सोन्या" असं काहीबाही म्हणायला लागली.

पण काही म्हणा, ते पोर आजीच्या एका हाकेत यायचं. पाठमोरं बसून खेळत असलं तरी माडीच्या दारात आजी दणकन पाय टाकून "आवं!" म्हणाली, की गर्रकन वळायचं आणि दुडूदुडू येऊन तिच्या गुडघ्याला मिठी मारायचं. आईनं हाका मारून घसा कोरडा केला तरी ढिम्म. "माया लागती, माया," विजयमालाबाई समोरच्या धोंडुबाईला सांगायच्या, आणि सुनेच्या कानावर जाईल अशा बेतानं सांगायच्या, "मायेबिगर लेकरू कुनाचं ऐकत न्हाई."

दिवाळीत गल्लीत सुतळी बॉम्ब वाजला. सगळी पोरं रडत आयांना जाऊन चिकटली. हा पायरीवर पाठ करून लाडू खात बसला होता तो तसाच बसला. "फौजीचं रगात हाय," विजयमालाबाई म्हणाल्या आणि गल्लीभर तेच सांगत फिरल्या. दोन वर्षं झाली तरी पोरगं आई म्हणेना, बाबा म्हणेना. त्याचंही उत्तर तयार होतं. "सुभेदार तरी कुटं बडबडायचे? आजोबावर गेलाय."

अशात एक दिवस दुपारी अंगणवाडीच्या बाईंबरोबर एक पोरगेलीशी मुलगी घरात आली. गळ्यात ओळखपत्र, पाठीला सॅक. नाव सोनिया. साताऱ्याच्या एका केंद्रातनं आली होती. लहान मुलं घरात कशी वागतात, चालतात, खेळतात, बोलतात, ते घरी येऊन बघायचं हे तिचं काम.

"बघा की," विजयमालाबाई ऐसपैस म्हणाल्या. त्यांना वाटलं, सरकारी बाळसं स्पर्धा असेल, आपलाच नंबर येणार. "असलं पोरगं साऱ्या तालुक्यात गावायचं न्हाई."

सोनियानं हॉलच्या फरशीवर बैठक मारली. सॅकमधनं चेंडू काढला, लाकडी ठोकळे काढले, चित्रं काढली. पोरानं चेंडू बरोबर तिच्याकडं ढकलला. ठोकळ्यांचा मनोरा रचला आणि पाडून खदखदून हसलं. चमच्यानं बाहुलीला भरवलं. सोनियाची सॅक उघडून आत आणखी काय आहे ते बघितलं. सोनिया हसली. "हुशार आहे हो आजी."

"मग? सांगत काय होते मी?"

मग सोनियानं अंगणवाडीच्या बाईंना त्याच्यापुढं चेंडू फिरवत बसवलं आणि स्वतः त्याच्या मागं जाऊन हाक मारली. "उदयसिंह!"

पोर चेंडूकडंच बघत होतं.

"उदयसिंह, बाळा!"

काही नाही. तिनं खुळखुळा काढला, त्याच्या डाव्या कानामागं वाजवला, उजव्या कानामागं वाजवला. पोरानं मान हलवली नाही. दाराशी उभ्या असलेल्या संयोगितानं पदराचं टोक मुठीत आवळून धरलं होतं.

"आवं, त्या नावानं त्यास्नी कोन हाक मारतंय?" विजयमालाबाई म्हणाल्या. "त्यांच्या कानाला ते नावच ठावं न्हाई. सुभेदारांचं नाव हाय ते. घरात घेत न्हाई आमी."

"मग काय म्हणता?"

"आवं म्हंतो."

सोनियाला हसू आलं. तिनं ते दाबलं, पण दाबायच्या आधी ते दिसलं, आणि विजयमालाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कालची पोर! लग्नाचा पत्ता नाही आणि माझ्या घरात बसून मला हसते!

"वर चला," त्या म्हणाल्या. "ह्यो हॉल त्यास्नी मानवत न्हाई. माडीवर दावते."

सगळी वरात माडीवर गेली. पोराला खिडकीपाशी डब्याशी खेळत बसवलं, पाठ दाराकडं. विजयमालाबाई दारात उभ्या राहिल्या. अंगात राग भरलेलाच होता. दणकन पाय पुढं टाकला आणि म्हणाल्या, "आवं सुभेदार!"

पोर गर्रकन वळलं, हसलं, धावत आलं, मिठी.

"हां! बघितलंसा?" विजयमालाबाईंनी त्याला उचलून कडेवर घेतलं. "खुळखुळं वाजवाय त्ये काय तान्हं हाय?"

सोनिया जरा गोंधळली. अंगणवाडीच्या बाईंनी तर सुटल्यासारखा श्वास टाकला. आणि तेवढ्यात संयोगिता बोलली. मॅडमशी बोलली, सासूकडं बघितलंच नाही तिनं.

"मॅडम, माझ्या हाकेला तो कधीच बघत न्हाई. मी स्वयंपाकघरातनं बोलवू दे, शेजारी बसून बोलवू दे. समोर गेले, तोंड दिसलं, तर हसतो. त्याचे पप्पा व्हिडिओवर आले की फोनला पाप्या घेतो. व्हिडिओ बंद करून नुसता आवाज लावला की फोन टाकून देतो. मी चारपाच वेळा करून बघितलंय."

सोनियानं मान डोलावली. "आजी, तुमच्या हाकेला तो वळला, हे मी बघितलं. तरी खाली खुळखुळ्याला वळला नाही आणि एक शब्दही बोलत नाही. एकदा कानाची नीट तपासणी करून घ्या. साताऱ्याला होते, मिरजेला होते. दुखत नाही, खुपत नाही. काही नसेल तर चांगलंच. असेल तर मशीन मिळतं, शिकवता येतं, पण ते जितकं लवकर तितकं बरं. बोलणं शिकायचं वय हेच असतं. ते गेलं की फार अवघड होतं."

"म्हंजे माझा नातू भैरा हाय?"

"मी तसं म्हणत नाही."

"मग काय म्हंता? भैरा न्हाई तर तपासायचं कशाला?" आपटला पाय. खाली भांडी किणकिणली. "पळत आलेलं पोरगं डोळ्यानं बघितलंसा आन् वर तोंड करून भैरं म्हंता? कुनी सांगितलं तुमाला हितं याया?"

अंगणवाडीच्या बाईंनी संयोगिताकडं बघितलं. मग संयोगिता म्हणाली, "मी."

विजयमालाबाई गर्रकन सुनेकडं वळल्या.

"मी बोलावलं आत्या. अंगणवाडीत जाऊन सांगून आले. तुमी पाठवला नसता म्हणून घरी बोलावलं."

"भायेरची मानसं घरात घालून पोराला नावं ठेवून घेतीस?" विजयमालाबाईंचा आवाज फाटला. "चला, उटा. सोनिया का फोनिया! च्या मिळायचा न्हाई. निघा!"

सोनिया निघाली. जाताना तिनं संयोगिताच्या हातात एक चिठ्ठी दिली, मिरजेच्या डॉक्टरांच्या पत्त्याची. फाटकात धोंडुबाई कढीपत्त्याच्या निमित्तानं येऊन उभीच होती. तिला बरोबर वास लागतो.

"कोन गं ही, विजेवैनी? सॅकवाली?"

"नजर काडाय आलती," विजयमालाबाई म्हणाल्या आणि तिच्या तोंडावर फाटक लावून घेतलं. कढीपत्ता दिलाच नाही.

संध्याकाळी दिग्विजयचा फोन आला. लांब बर्फात कुठंतरी पोस्टिंग, रेंज तुटक. संयोगितानं सगळं सांगितलं. तो बिचारा म्हणाला, "आई म्हणते तसं कर गं. मी सुट्टीवर आलो की बघू."

"सुट्टी दिवाळीला हाय तुमची," संयोगिता म्हणाली. एरवी मऊ बोलणारी बाई, पण त्या दिवशी तिचा आवाजच वेगळा होता. "तवर पोरानं काय करायचं? थांबायचं? त्याचं वय सुट्टीवर जातं का? उद्या सकाळच्या गाडीनं मी त्याला घेऊन मिरजेला चालले. माझ्या आईकडं उतरीन. तुमी हो म्हणा न्हाईतर नको म्हणा."

विजयमालाबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून ऐकत होत्या. आल्या तशाच अंगावर.

"पोरगं ह्या घराच्या उंबऱ्याभायेर जायाचं न्हाई."

"जाणार, आत्या."

"माझ्या सुभेदाराला भैरा करून गावभर मिरवायला निघालीस? उद्या त्याच्या कानात मशीन घालशील. पोरं भैरट भैरट म्हनून चिडवतील. फौजेत घेतील का त्याला मग? लगीन हुईल का?"

"तो माझा मुलगा हाय, सुभेदार न्हाई!" संयोगिता ओरडली. "त्याला नाव हाय स्वतःचं! दोन वर्षांत एकदा त्याच्या नावानं हाक मारू दिली न्हाई तुमी मला. बघत न्हाई म्हटलं की तुमी म्हणायचं, त्याला नाव ठावं न्हाई. बोलत न्हाई म्हटलं की आजोबावर गेलाय. फटाक्याला भ्याला न्हाई की फौजी हाय. सगळ्याला तुमच्याकडं उत्तर हाय आणि माझ्या लेकराला ऐकू येत न्हाई!"

असं त्या घरात आजवर कुणी बोललं नव्हतं. खुद्द सुभेदारसुद्धा नाही. विजयमालाबाई सुनेच्या अंगावरनं तशाच पुढं गेल्या. त्यांनी पोराला काखोटीला मारलं आणि दणादणा जिना चढायला लागल्या. एकेक पायरी अशी आपटत, की घर हललं. वरच्या पायरीला पाय असा काही जोरात पडला, की तो वाकडाच पडला, आणि घोटा कडकन मुरगळला. पोराला काही झालं नाही. त्याला पोटाशी धरून त्या बसकण मारून बसल्या आणि शिव्या देत राहिल्या. पायरीला, सुताराला, त्या सॅकवाल्या पोरीला, सगळ्यांना.

संयोगितानं आंबेहळद उगाळून लेप लावला. घोटा टोमॅटोसारखा सुजला होता. तिनं पाय उशीवर ठेवला आणि खाली जाऊन पिशवी भरायला लागली. विजयमालाबाईंना वाटलं होतं, पाय बघून तरी ही थांबेल. थांबली नाही. त्याचाही राग आला.

सकाळी पोर माडीवरच होतं. खाली तव्यावर भाकरी भाजल्याचा वास येत होता. प्रवासाच्या भाकरी. विजयमालाबाई कॉटवर पाय लांब करून पडल्या होत्या. समोर खिडकीपाशी पोर पाठमोरं बसून स्टीलच्या डब्यात घेवड्याचा एकेक दाणा टाकत होतं आणि वाकून आत बघत होतं. टाकायचं, वाकायचं, बघायचं. दोघांच्या मध्ये चार पावलांची जागा होती.

जाऊ दे, मिरजेला जाऊ दे, विजयमालाबाई मनात म्हणत होत्या. मोठ्या डॉक्टरनं थोबाडीत दिल्यासारखं सांगितलं, की पोरगं ठणठणीत आहे, की मग बघते. मग येते का बघू वर तोंड करून बोलायला. पण जायच्या आधी एकदा त्याला पोटाशी घ्यावं म्हणून त्यांनी हाक मारली.

"आवं, हिकडं या."

पोरानं दाणा टाकला. वाकून बघितलं.

"आवं सुभेदार. या की. आजीकडं या."

दाणा. डबा.

रुसलाय, त्यांना वाटलं. रात्री ओरडाओरडा झाला म्हणून. त्यांनी आवाज चढवला. "आवं!" नवरा शेताच्या दुसऱ्या टोकाला असायचा तेव्हा जसा आवाज द्यायच्या तसा दिला. खिडकीबाहेर तारेवर बसलेले होले भुर्रकन उडाले. पोर उडालेल्या होल्यांकडं बघून हसलं आणि परत डब्यात बघायला लागलं.

विजयमालाबाई कोपरावर उठून बसल्या. छातीत काहीतरी गार गार व्हायला लागलं, आणि असं झालं की त्यांना रागच यायचा. दुसरं काही येतच नसे. ऐकत कसं नाही? माझं ऐकत नाही? आईनंच काहीतरी शिकवलं असेल. तिचीच फूस. पण हे मनात म्हणतानाच त्यांना कळत होतं, की हे काही खरं नाही. दोन वर्षांच्या पोराला कुणी असं शिकवू शकत नाही.

मग आणखी एक गोष्ट त्यांच्या मनात आली. ती कुणाला सांगितली असती तर हसले असते, म्हणून त्यांनी पुढंही कधी कुणाला सांगितली नाही. त्यांना वाटलं, आवं ही काही हाक नाही. आवं मी सगळ्यांना म्हणते. दुकानदाराला म्हणते, तलाठ्याला म्हणते. ह्यांना ह्यांच्या नावानं बोलवायला पाहिजे. ते खरंच आले असतील परत, तर स्वतःच्या नावाला वळतीलच. कुणीही वळतं. मेलेलं माणूससुद्धा वळेल.

त्यांनी डोक्यावर पदर घेतला. ओठांपाशी आलेलं नाव दोनदा गिळलं. मग डोळे मिटून, पोटातनं, सगळी ताकद लावून त्या ओरडल्या,

"उदयसिंह!"

घर दचकलं. खाली संयोगिताच्या हातातनं उलथनं पडलं. समोर धोंडुबाई ओट्यावर दात घासत होती, तिचा हात तोंडातच राहिला. विजयमालाबाई सुभेदारांचं नाव घेतात? तेही असं, उखाण्याशिवाय, कोंबडं आरवल्यासारखं? जिन्यावर संयोगिताच्या धावत्या पावलांचा आवाज झाला.

विजयमालाबाईंनी डोळे उघडले. पोर पाठमोरं बसलं होतं. त्यानं दाणा टाकला, वाकून बघितलं.

"उदयसिंह! अरे उदयसिंह! ऐक की रं मुडद्या, माझं ऐक!"

नाही.

आता राग आला तो असा आला, की तसा कधी आला नव्हता. कुणाचा, ते त्यांनाच कळेना. तो नेहमीसारखा पायाकडं धावला, पण पाय उशीवर सुजून पडलेला. मग तो हातात आला. कॉटला सुभेदारांची काठी टेकवलेली होती. त्यांनी ती उचलली आणि दात खाऊन फळीवर आदळली.

पोर गर्रकन वळलं. आजीला बघून हसलं.

विजयमालाबाई हातात काठी धरून तशाच बसून राहिल्या. पोर यायला निघालं होतं, वाटेत एक दाणा दिसला म्हणून परत पाठ करून खाली बसलं. संयोगिता दारात येऊन उभी राहिली होती. विजयमालाबाईंनी तिला हातानंच थांब म्हटलं. मग ओठ घट्ट मिटले. तोंडातनं श्वासही काढला नाही. आणि काठीचं टोक फळीवर नुसतं टेकवलं, ठक.

पोरानं मागं वळून बघितलं.

दोन वर्षं. दोन वर्षं हे लेकरू माझा पाय ऐकत होतं. माझी माया नाही, माझी हाक नाही, माझा संताप ऐकत होतं, तोही फळीच्या हादऱ्यानं, तळव्यानं. सून मऊ पावलांनी चालते, मऊ बोलते, म्हणून तिचं काहीच त्याच्यापर्यंत गेलं नाही, आणि मी गल्लीभर सांगत सुटले, की हिला माया नाही. बारशाला कानात कुर्र केलं, तेसुद्धा आत गेलं नव्हतं. ह्याला कुणी नाव सांगितलेलंच नाही अजून.

"आत्या," संयोगिता म्हणाली. ती रडत होती. "तुमी नाव घेतलं."

"घेतलं! पोचलं का?" विजयमालाबाई तिच्यावर खेकसल्या. "बगत काय उबी राह्यलीस? रडायचं आसंल तर गाडीत रड. गाडी कवा हाय?"

"तासाभरात हाय. मी जाऊन येते, तुमी पाय..."

"पाय गेला खड्ड्यात! त्या पायानंच घात केलाय माझा. मला लुगडं दे त्ये निळं. मी बी येनार. डॉक्टरला कोन सांगनार, की ही थेरडी पाय आपटायची आन् पोरगं वळायचं? तुला म्हाईत हाय का त्ये? मला म्हाईत हाय. मीच सांगनार." बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला, तसा त्यांनी तो आणखी चढवला. "आन् आजपासनं नावानं हाक मारायची त्याला. आवं बंद. सासऱ्याचं नाव हाय म्हनून अडू नगंस. सासरा वर बसलाय, त्याला काय करायचं त्ये माझं करंल. उद्या मशीन बसलं, कान उघडलं, तर पयलं काय पडायचं त्याच्या कानावर? आवं? दुकानदारागत?"

संयोगितानं पोराला उचललं. त्याच्या गालाला गाल लावला आणि त्या एका वेळेनंतर पहिल्यांदा, सासूच्या तोंडावर, म्हणाली, "उदय." त्यानं तिच्या हाताला लागलेल्या पिठाकडं बघितलं आणि ते तिच्या नाकाला लावलं.

गाडीपर्यंत सोडायला गल्लीतल्या अर्जुनाची, एरवी सीटं भरून नेणारी, वडापची जीप दारात आली. विजयमालाबाई एका हातात काठी आणि दुसरा हात सुनेच्या खांद्यावर, अशा लंगडत लंगडत बाहेर आल्या. पुढच्या सीटवर बसल्या, पोराला मांडीवर घेतलं. संयोगिता पिशवी घेऊन मागं बसली. धोंडुबाई फाटकाशी हजर. आज तिला कढीपत्त्याची गरजच पडली नव्हती.

"विजेवैनी, सकाळी सुभेदारांच्या नावानं कोन वरडत हुतं गं? मला वाटलं भास झाला. आन् ह्यो पाय? आन् येवढ्या सकाळी कुटं?"

मागं संयोगितानं मान खाली घातली. ती वाट बघत होती, की आता नजर काढायची, नाहीतर देवाची, नाहीतर माहेरच्या लग्नाची काहीतरी थाप येणार. अर्जुनानं किल्ली फिरवायची थांबवली. त्यालाही ऐकायचं होतं.

"मीच वरडत हुते," विजयमालाबाई म्हणाल्या. हळू नाही म्हणाल्या. गल्लीच्या त्या टोकाला शेण भरणारी बाई उभी राहिली, असं म्हणाल्या. "आमच्या उदयसिंहाला ऐकू येत न्हाई. जन्मापासनं येत न्हाई. ह्या माझ्या सुनेला कळलं हुतं, मला कळलं न्हाई. मिरंजला दावाय चाललोय. जा, सांग समद्या गल्लीला. मला वेळ न्हाई."

धोंडुबाई सांगायला पळाली नाही, फाटक धरून उभीच राहिली. हे मात्र पहिल्यांदाच झालं.

"आन् तू काय कान लावून बसलाईस रं अर्जुना? हाक गाडी!" म्हणत विजयमालाबाईंनी जीपच्या पत्र्यावर पाय आपटला. दुखराच पाय आपटला. कळ पार मस्तकापर्यंत गेली, डोळ्यांत पाणी आलं.

मांडीवरच्या पोरानं चमकून वर त्यांच्या तोंडाकडं बघितलं. त्यांनी त्याची हनुवटी धरली, तोंड त्याच्या तोंडासमोर आणलं आणि त्याला दिसावं म्हणून ओठ मोठे करून, सावकाश म्हणाल्या,

"उदयसिंह."